कॅनॉलपट्टीचा इतिहास : आपण ज्या वाटेवर सायकल फिरवतो ती कुणी खोदली?

गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत निरा खोऱ्यात एक नवीन दृश्य दिसायला लागलंय. रविवारी सकाळी पुण्याकडची मंडळी गाडीवर सायकली बांधून येतात. हेल्मेट, चष्मा, पाठीला पाण्याची पिशवी. वीरच्या बाजूने कॅनॉलपट्टी धरतात आणि आरामात, फोटो काढत, चहा पीत निघतात. मग रील येते. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये पाणी, पलीकडे ऊस. खाली कमेंट ठरलेली, "अगदी युरोप वाटतंय!"

मीपण जातो. माझी सायकल जुनी आहे, वेग त्याहून जुना. पण ती "युरोप" कमेंट वाचली की हात शिवशिवतात. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी युरोपचंच बघू. तिकडे सायकल-सहलीची सगळ्यात नावाजलेली वाट म्हणजे डॅन्यूब नदीकाठची. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत तीनशेच्या वर किलोमीटर. ती वाट काही सायकलवाल्यांसाठी केलेली नव्हती. मिठाच्या, धान्याच्या नावा प्रवाहाच्या उलट दिशेला न्यायच्या तर त्या दोराने ओढाव्या लागत. काठावरून घोडे चालत, सोबत माणसं. त्या घोड्यांच्या पायांखाली ती पट्टी तयार झाली. 1829 साली तिथे आगबोटींची कंपनी निघाली आणि पुढे हळूहळू घोडे गेले, पट्टी उरली. शंभर-दीडशे वर्षांनी, 1980च्या दशकात, कुणाच्या तरी लक्षात आलं की ही सपाट वाट सायकलला झकास आहे.

आपल्या नद्यांवर असं काही होणं शक्यच नव्हतं. भीमा काय, निरा काय, पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात डबकी. त्यातून मालाच्या नावा जाणार कुठून, आणि घोडे ओढणार काय! नदीकाठाने सलग चालत जायची वाट आपल्याकडे नव्हतीच. वारीसुद्धा नदी ओलांडते, काठाने जात नाही. माउलींची पालखी निरा गावाजवळ नदी पार करते, पादुकांना तिथे स्नान घालतात. तुकोबांची पालखी सराटीजवळ. बाकी रस्ता माळावरून.

मग आपल्याकडे पाण्याच्या कडेने शंभर-शंभर मैल जाणारी सपाट वाट आली कुठून? उत्तर आहे दुष्काळ.

1876 ते 78चा दुष्काळ. आपल्या आजीच्या आजीने ज्याच्या गोष्टी सांगितल्या असतील तो. दख्खनमध्ये पाऊस गेला, ज्वारी गेली, जनावरं गेली. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, तळी, कालवे. निरेच्या डाव्या कालव्याचं खोदकाम त्या काळातलं. कालवा आधीच कागदावर होता, दुष्काळाने त्याला मजूर मिळवून दिले असं म्हणा. खरं म्हणजे पोटाने मिळवून दिले.

त्या मजुरीची गोष्ट आपल्या शाळेत कुणी शिकवत नाही. 1877च्या सुरुवातीला रिचर्ड टेंपल नावाचा मोठा अधिकारी दुष्काळी खर्चाला आळा घालायला नेमला गेला. त्याने हिशेब मांडला. दिवसभर खोदणाऱ्या माणसाला एक पौंड धान्याच्या किमतीएवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे पुरे. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. टिकाव चालवणाऱ्या गड्याला! मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मजुरांनी हे नाकारलं आणि हजारो लोक कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, त्यात गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका पुढे होते, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांमागून पत्रं धाडली. उपाशी माणसांचा संप म्हणजे काय असेल, कल्पना करा. आज "कामगार चळवळीचा इतिहास" म्हटलं की आपण थेट गिरणीच्या भोंग्यापाशी जातो. त्याआधी माळावरच्या खड्ड्यात हे घडून गेलेलं आहे.

1885च्या सुमारास डाव्या कालव्याला पाणी सुटलं. त्यासाठी भोर संस्थानात, भाटघरला, वेळवंडी नदीवर धरण बांधलं. त्या जलाशयाला व्हाइटिंग नावाच्या इंजिनिअरचं नाव दिलं होतं. पुढे 1927-28च्या सुमाराला तिथेच त्याहून मोठं लॉइड धरण झालं आणि उजव्या कालव्याला पाणी मिळालं. डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जातो. उजवा खंडाळा, फलटण, माळशिरस, पंढरपूरकडे. दोन्ही शंभर मैलांच्या आसपास किंवा वर.

आता सायकलवाल्याच्या कामाची गोष्ट. कॅनॉलपट्टीवर चढ का लागत नाही? कारण पाट हा जमिनीच्या उंचसखलपणाची समान रेषा पकडून जातो. पाण्याला आपणहून वाहायचं असतं, म्हणून उतार ठेवायचा, पण इतका थोडा की डोळ्याला दिसू नये. टेकाड आलं की पाट वळसा घालतो, ओढा आला की त्यावरून मोरीने किंवा खालून सायपनने जातो. म्हणून डांबरी रस्त्याने वीस किलोमीटर असलेलं गाव पट्टीने तीस भरतं. पण दम लागत नाही. पाट तपासायला साहेब लोकांना घोड्यावरून जाता यावं म्हणून भरावावर वाट ठेवली, मुक्कामाला मधे मधे बंगले बांधले. काही बंगले अजून आहेत, छपरं बसलेली, आवारात मोठाली चिंचेची झाडं.

घोड्याची जागा सायकलने कधी घेतली त्याचं साल सांगणं अवघड आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं 1888 साली. तेव्हा सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि ते पंधरा रुपये घेऊन लोकांना चालवायला शिकवत. म्हणजे सायकल ही तेव्हा रावसाहेबांची वस्तू. ती पाटकऱ्याच्या हातात यायला बराच काळ गेला. पण आली ती घट्ट राहिली. आमच्या लहानपणी पाटकरी म्हटलं की काळी चोवीस इंची सायकल, दांड्याला बांधलेलं फावडं आणि खिशात वही. कुणाच्या चारीला किती तास, हे त्या वहीत. त्याची घंटी वाजली की दार उघडून बसलेला चोर पळालाच समजा. रात्रपाळीच्या पाण्याला जाणारे शेतकरी, कारखान्याच्या शिफ्टला जाणारे कामगार, शाळेला जाणारी पोरं, सगळी त्याच पट्टीने. मीसुद्धा तासाला रुपयाने आणलेल्या भाड्याच्या सायकलवर तिथेच शिकलो, एक नजर पाण्यावर ठेवून. तेव्हा या प्रकाराला सायकलिंग म्हणत नसत.

तर ती हिरवाई. रीलमध्ये जी दिसते ती.

डाव्या पट्टीने पूर्वेकडे निघालात तर एक गोष्ट मुद्दाम बघा. उजव्या हाताला, नदीच्या बाजूला, ऊस, केळी, विहिरी, पत्र्याचे नाही तर स्लॅबचे बंगले. डाव्या हाताला, पाटाच्या वरच्या अंगाला, कुसळं, बाभळी, मेंढरं, पावसावरची ज्वारी. मधे अंतर किती? पाटाच्या रुंदीएवढं. उजव्या कालव्यावर हेच उलट. इंजिनिअरने 1870-80च्या दशकात दुर्बिणीतून बघून ओढलेली ती रेघ आहे, आणि त्या रेघेवर आजही सोयरिकी ठरतात. वरच्या अंगाच्या जिरायत गावांनी पाण्यासाठी किती मोर्चे काढले ते मी वीस वर्षं कव्हर करतोय. प्रत्येक निवडणुकीत टँकर येतो, आश्वासन येतं, पाट तिथेच राहतो. पाणी चढावर जात नाही, आणि उपसा करून चढवायचं तर वीजबिल कोण भरणार हा प्रश्न येतो.

आणि ऊस काही पहिल्या दिवसापासून नव्हता. सरकारने पाट काढला होता ज्वारी जगवायला. पण बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पैसे भरून पाणी घेईना, आणि दुष्काळात सगळ्यांनाच हवं. पाण्याचे पैसे वसूल करून देणारं पीक म्हणजे ऊस. मग ऊस वाढला आणि त्याबरोबर पाणी एकाच जागी मुरायला लागलं. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. त्यांनी निरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचवली. गावातली ठरावीक जमीन बांधून घ्यायची, एका भागात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि आळीपाळीने जागा बदलायच्या. हेतू हा की पाणी जास्त गावांत पसरावं आणि जमीन चिबडू नये. विचार सरळ होता. पण 1920च्या दशकात दख्खनच्या कालव्यांवर किती जमीन खारवली याचा अभ्यास सरकारी इंजिनिअरांनाच करावा लागला. आज पट्टीवरून खालच्या बाजूला कुठे कुठे पांढरं मीठ फुटलेले तुकडे दिसतात. फोटोत ते बर्फासारखे येतात, एकाने तसं लिहिलंही होतं.

1930च्या दशकात सासवडचे माळी बागायतदार निरेच्या पाण्यामागे खाली माळशिरस तालुक्यात आले, माळीनगरचा कारखाना उभा राहिला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर. बाकीचं सहकाराचं राजकारण तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक, ते सोडतो.

आता आजची गोष्ट, ज्यासाठी हे सगळं उगाळलं. कालव्याचं अस्तरीकरण, म्हणजे तळाला-बाजूला काँक्रीट, हा विषय आपल्याकडे तापलेला आहे. सरकारचं म्हणणं, गळती थांबली तर शेपटाच्या गावांना पाणी पोहोचेल. पाटालगतचे शेतकरी म्हणतात, पाझर थांबला तर आमच्या विहिरी कोरड्या. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच भांडण मिटत नाही. माझं स्वतःचं मत शेपटाच्या गावांकडे झुकतं, शिव्या खायची तयारी आहे. पण या सगळ्या वादात पट्टीबद्दल कुणी बोलतच नाही. काम निघालं की आधी मशीन येतं आणि भरावावरची झाडं जातात. मग मुरमाचे हायवा त्याच वाटेने पळतात. ती वाट तपासणीची आहे, अवजड गाड्यांची नाही. भराव खचतो, आणि कडेला कठडा नसतो. दरवर्षी पाटात गाडी किंवा माणूस गेल्याची एखादी तरी बातमी मी लिहितो.

बारामती शहरात पाटाच्या कडेला सुशोभीकरण झालंय, लोक संध्याकाळी फिरतात. चांगलंच आहे. पण मी दिवे आणि बाकडी मागत नाहीये. काम करताना पट्टी सलग ठेवा, झाडं शक्य तिथे वाचवा, दोन्ही टोकांना अवजड गाड्या अडवणारे खांब रोवा, ओढ्यांवरच्या मोऱ्यांना कठडे द्या. अंदाजपत्रकात हे चार आयटम घालायला वेगळा विभाग लागत नाही. हंगामात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पट्टीलगतच पडतात, त्यांची लेकरं पाण्याच्या कडेला खेळत असतात. कठड्याची सगळ्यात जास्त गरज त्यांना आहे, सायकलवाल्यांना नंतर.

जायचं असेल तर रब्बीचं आवर्तन चालू असताना जा, पाट भरलेला असतो. वीरला म्हस्कोबाचं दर्शन घ्या, निरेत नाश्ता करा, पुढे निंबुतवरून जमेल तितकं. उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत, सकाळी लवकर. पंक्चरचं सामान सोबत ठेवा, बाभळीचे काटे आहेत.

आणि एक विनंती. तुमच्या आजोबा-पणजोबांत कुणी पाटकरी, कॅनॉल इन्स्पेक्टर किंवा बंगल्यावर चौकीदार असेल, घरात जुनी वही, पाणीपट्टीची पावती, सायकलचा नगरपालिकेचा बिल्ला असं काही पडलेलं असेल, तर फेकू नका. फोटो काढून मला मेसेज करा. मी येऊन बघेन, सायकलवरच.