नऊ पायऱ्यांचा जिना

दिवाळी अंकात गणिताचे नाव दिसले की फराळाचे ताट पुढे ओढून पान उलटणारे वाचक मला चांगले ठाऊक आहेत. त्यांतले दोघेतिघे तर माझ्याच घरात राहतात. तरीही यंदा गोष्ट बाजूला ठेवून गणिताच्या इतिहासातले एक प्रकरण सांगावे असे मनात आले, त्याला कारण आहे. कादंबऱ्या लिहीत असलो तरी मी पेशाने शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. कलनशास्त्र, म्हणजे सगळे ज्याला कॅल्क्युलस म्हणतात ते, मी पुढे पुस्तके उसनी आणून आपले आपण शिकलो. दर दिवाळीच्या सुटीत अकरावीला गेलेली जुनी मुले भेटायला येतात. दहावीला गणितात नव्वदाच्या वर गुण मिळवलेली ही मुले. चहा पिता पिता एखादा हळूच म्हणतो, "सर, गणित सोडावं म्हणतो. कॅल्क्युलस आपल्या डोक्यातलं नाही." सोळाव्या वर्षी मुलाने स्वतःच्या डोक्याचा असा निकाल लावून टाकावा, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. दोष डोक्याचा, की तिथवर नेणाऱ्या जिन्याचा?

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका थोर गणितज्ञाने हाती घेतला होता. त्याचे नाव फेलिक्स क्लाइन. याची जन्मतारीखच मोठी गमतीची आहे : २५-४-१८४९. पंचवीस हा पाचाचा वर्ग, चार हा दोनाचा, आणि १८४९ हा बरोबर त्रेचाळीसाचा वर्ग! वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८७२ साली, तो एर्लांगेन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८८६ पासून ग्योटिंगेन हे त्याचे कर्मक्षेत्र ठरले. एवढ्या अधिकाराचा माणूस एरवी शाळेच्या फळ्याकडे वळूनही पाहत नाही. क्लाइनने मात्र शाळामास्तरांसाठी व्याख्याने दिली, त्यांचे ग्रंथ केले आणि त्यांच्या अभ्यासक्रमांत आयुष्याची कितीतरी वर्षे घातली.

त्याला एक विचित्र गोष्ट दिसली होती. शाळेतून विद्यापीठात आलेल्या तरुणाला तिथले गणित असे परके वाटे, की शाळेत शिकलेले जणू काही कामाचेच नव्हे. पुढे तोच तरुण शिक्षक होऊन शाळेत परते, तेव्हा विद्यापीठातले सारे विसरून, आपल्या मास्तरांनी शिकवले तसेच तो शिकवू लागे. जाताना एक तुटलेला पूल, येताना दुसरा. क्लाइनने याला 'दुहेरी खंड' असे नाव दिले. तिकडे इंजिनियर मंडळींचीही १८९० च्या दशकात तक्रार होती, की गणिताचे प्राध्यापक शिकवतात ते आमच्या यंत्रशाळेत उपयोगी पडत नाही. तेव्हा दुरुस्ती करायची तर ती वरून नव्हे, तळापासून करायला हवी, हे क्लाइनने ओळखले.

जर्मनीतील 'गिम्नाझियम' या शाळेला नऊ इयत्ता असत. मूल दहाव्या वर्षाच्या सुमारास 'झेक्स्टा' या पहिल्या वर्गात शिरे आणि 'ओबरप्रिमा' या शेवटच्या वर्गातून बाहेर पडे. नऊ वर्षे म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. पण प्रत्येक वर्ष आपल्यापुरते राही : अंकगणित संपले, बीजगणित आले, ते मिटले, भूमिती उघडली. १९०४ साली ब्रेस्लाउ येथे भरलेल्या निसर्गवैज्ञानिक व वैद्य यांच्या परिषदेने यावर एक समिती नेमली. आउगुस्ट गुट्झमर तिचे अध्यक्ष होते. प्रेरणा मुख्यतः क्लाइनची होती. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, मेरान गावी समितीने आपली योजना मांडली. मेरान तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होते, आज ते इटलीत आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासात ते या योजनेमुळेच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, योजना म्हणजे आणखी धडे, आणखी ओझे. गोष्ट उलट होती. मुलाच्या मनाची वाढ पाहून विषय मांडावा, भोवतालच्या जगाकडे गणिताच्या नजरेने पाहायला शिकवावे, आणि एका इयत्तेचे दुसरीशी नाते मुलाला उमगावे, असा तिचा आग्रह होता. ज्यांचा पुढे उपयोग नाही असे सुटे सुटे तपशील गाळावेत, असेही तिने सांगितले. आणि नऊही इयत्तांतून एक दोरा ओवायचा, तो म्हणजे 'फलनाचा विचार'. शब्द भारदस्त आहे, अर्थ घरगुती आहे : एक गोष्ट बदलली की तिच्यामागून दुसरी कशी बदलते, हे पाहण्याची सवय.

या दोऱ्याची गंमत मी दिवाळीच्याच सामानातून दाखवतो. एक पणती पाच रुपयांना. दोन दहाला, तीन पंधराला. पाचवीतले मूल हे कोष्टक मांडते. सातवी-आठवीत तेच आकडे चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी मांडावेत, सरळ रेषा दिसते. आता चौकोनी रांगोळी घ्या. बाजू १, २, ३, ४ हात केली, तर क्षेत्रफळ १, ४, ९, १६ होते. वाढ मोजा : ३, ५, ७. पणत्यांचा पैसा सारख्या पावलांनी चालत होता, ही रांगोळी मात्र वेग घेते! नववीतल्या मुलाला विचारावे, की बाजू दहा हात असताना ती किती वेगाने वाढते आहे? बाजू १०.१ केली तर क्षेत्रफळ १०२.०१ होते, म्हणजे बाजूच्या वाढीच्या २०.१ पट. बाजू १०.०१ केली तर १००.२००१, म्हणजे २०.०१ पट. मुले आपण होऊन ओरडतात, "सर, वीस!" हेच कॅल्क्युलस. यात सूत्र नाही, परके चिन्ह नाही. पण पाचवीत कोष्टक, आठवीत आलेख आणि नववीत हा प्रश्न कुणीतरी क्रमाने दिला, तरच अकरावीत तेच सूत्ररूपाने भेटल्यावर मुलाला ओळखीचे वाटते.

मेरानच्या योजनेत नेमका असा क्रम होता. खालच्या वर्गांत हिशोब आणि मापे, मधल्या वर्गांत अक्षरांची किंमत बदलली की राशीचे काय होते ते, मग साध्या फलनांचे आलेख, आणि सर्वांत वर या साऱ्याची एकत्र उजळणी. भूमितीतल्या आकृत्यादेखील हलत्या-बदलत्या समजून पाहाव्यात, असे या चळवळीचे सांगणे होते. कलनशास्त्र जिन्याच्या टोकाला आपोआप यावे, ही कल्पना.

तरीही क्लाइनला सारे मिळाले नाही. समितीत तऱ्हेतऱ्हेच्या मतांची माणसे होती. शेवटी गिम्नाझियमने मुलाला कलनशास्त्राच्या उंबरठ्यापर्यंत न्यावे, एवढ्यावर तडजोड झाली. उंबरठा ओलांडायला वीस वर्षे लागली. मधल्या काळात, १९०८ साली, रोमच्या जागतिक परिषदेत गणित-शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि क्लाइन त्याचा अध्यक्ष झाला. त्यानंतर महायुद्धाचा वणवा पेटला. अखेर १९२५ मध्ये प्रशियाच्या शाळांच्या नव्या नियमांत कलनशास्त्राने रीतसर प्रवेश केला. त्याच वर्षी, २२ जूनला, क्लाइन वारला.

एवढा विचार परदेशातच झाला, असे मात्र कुणी समजू नये. चाळीसगावाजवळ पाटण येथे पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो १८६५ साली उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे आणि आपल्या घराण्याचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला, लेख इ. स. १२०७ चा, आणि त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. आचार्यांनी ११५० मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. लीलावतीत अंकगणित, मग बीजगणित, मग ग्रहगणित आणि गोलाध्याय, अशी त्याची चढण आहे. आणि ग्रहगणितात आचार्य ग्रहाची 'तात्कालिक गती' मोजतात, म्हणजे त्या क्षणाचा वेग. काशीच्या संस्कृत पाठशाळेतील महाराष्ट्रीय पंडित बापूदेव शास्त्री यांनी १८५८ सालीच याकडे विद्वानांचे लक्ष वेधले होते. आजचे पुरे कलनशास्त्र भास्कराचार्यांजवळ होते असा दावा मी करणार नाही. पण लीलावतीच्या हंस-भुंग्यांपासून निघालेला विद्यार्थी ग्रहाच्या क्षणिक गतीपर्यंत एकाच घराण्याच्या ग्रंथांतून चढे, आणि ती चढण तुटू नये म्हणून नातवाने शाळा काढली, हे तर दगडावर कोरलेले आहे.

आमच्या धंद्यात एक अवघड गोष्ट आहे. पाचवीचा शिक्षक जे पेरतो, ते उगवलेले पाहायला तो अकरावीच्या वर्गात नसतो. म्हणून ज्याची परीक्षा त्याच वर्षी आहे तेवढेच शिकवण्याचा मोह पडतो. त्यावर उपाय फार खर्चाचा नाही. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या गणिताच्या शिक्षकांनी वर्षातून दोनदा एका टेबलाभोवती बसावे आणि एकमेकांना एकच विचारावे : तुमच्या वर्गात येताना मुलाच्या हातात काय असलेले तुम्हाला हवे? गावोगावच्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये वेगळ्या आवारांत असली, तरी मधे फार तर एक रस्ता असतो.

आणि वाचकहो, ही सुटी तुमच्याही घरी आहेच. फराळ आटोपल्यावर मुलाला एक चौकटीचा कागद द्या. तेलाने काठोकाठ भरलेली पणती लावा, दर पाच मिनिटांनी तेल किती उतरले ते त्याला मांडू द्या, आणि ठिपके जोडल्यावर पणती कधी विझेल ते त्याच्याकडूनच वदवून घ्या. उत्तर चुकले तरी चालेल. घड्याळ लावून त्या पणतीजवळ त्याच्याबरोबर बसा.