तुघलकी: एका सुलतानाचे मराठीत उरलेले नाव

मुहम्मद बिन तुघलक 1325मध्ये दिल्लीच्या तख्तावर बसला आणि 1351मध्ये सिंधमधील ठठ्ठ्याजवळ, एका बंडखोराच्या पाठलागावर असताना आजारी पडून मरण पावला. मागचापुढचा विचार न करता वरून लादलेल्या हुकमाला मराठीत आजही ‘तुघलकी’ म्हणतात. क्रूर सुलतान दिल्लीने इतरही पाहिले, पण बल्बन किंवा अलाउद्दीन खलजी यांच्या नावाचे असे विशेषण झाले नाही.

या माणसातली विसंगतीच लोकांना खिळवून ठेवते. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक, ज्योतिष यांचा त्याचा व्यासंग होता आणि त्याच्या हस्ताक्षराची वाखाणणी होई. जिनप्रभसूरी या जैन आचार्यांचा त्याने दरबारात सन्मान केला. याच सुलतानाने बंडखोर आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्पची जिवंतपणी कातडी सोलवली. गुर्शास्पचे बंड दख्खनेत झाले होते.

1327च्या सुमारास सुलतानाने यादवांच्या देवगिरीला ‘दौलताबाद’ नाव देऊन तिथे राजधानी हलवायचे ठरवले. कल्पना वेडगळ नव्हती. दख्खन नुकतीच जिंकलेली होती आणि दिल्लीहून तिच्यावर हुकमत चालवणे अवघड होते. चूक झाली ती सक्तीत. हजार किलोमीटरहून लांबची वाट, सोबत म्हातारी माणसे आणि लेकरे. वाटेत कितीतरी जण दगावले. इसामी या कवीचे नव्वदीतले आजोबा दिल्ली सोडल्यावर पहिल्याच मुक्कामी गेले.

सुलतानाबद्दल जे वाचले जाते, ते मुख्यतः तीन लेखण्यांतून उतरले आहे आणि तिघांनाही त्याची झळ लागली होती. इसामीने आपले महाकाव्य त्याच्याविरुद्ध बंड करून स्वतंत्र झालेल्या बहामनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिले. इब्न बतूता दिल्लीत काझी होता. एका शेखाला भेटल्यामुळे संशय येऊन त्याच्यावर पहारा बसला आणि जीव वाचेल की नाही अशी वेळ आली. त्याने आपली हकिकत पुढे मोरोक्कोत, सुलतानाच्या हाताबाहेर पोचल्यावर सांगितली. झियाउद्दीन बरनी सतरा वर्षे सुलतानाचा दरबारी होता. त्याने पुढच्या राजवटीत, हलाखीत लिहिले. भीतीपोटी आपण खरे बोललो नाही, हे तो स्वतः कबूल करतो. हुकूमशहाच्या छायेत माणसाचे काय होते, याचा इतका प्रामाणिक दाखला त्या काळात दुर्मीळ आहे.

दिल्लीत कुत्रेमांजरही उरले नाही, हे वर्णन याच लेखनातले. ते शब्दशः घेता येत नाही. दिल्ली परिसरातले 1327-28चे संस्कृत शिलालेख नांदत्या वस्तीचे आहेत. हलवले गेले ते मुख्यतः अमीर, उलेमा, सूफी, कारकून आणि त्यांची कुटुंबे. पण वर्णन अतिरंजित म्हणून त्यांचे हाल खोटे ठरत नाहीत.

1330च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या किमतीची पितळी-तांब्याची नाणी निघाली. ती हुबेहूब पाडणे सोपे होते. घरोघरी टांकसाळी चालल्या, नाणे बुडाले आणि ते परत घेऊन सुलतानाने खजिन्यातून चांदी मोजली. लोकांना लुबाडायचे असते, तर ही भरपाई त्याने केली नसती.

या गुंत्याने नाटककारांना ओढून घेतले. गिरीश कार्नाडांचे कन्नड ‘तुघलक’ 1964चे. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले आणि इब्राहिम अल्काझींनी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात उभे केले. आदर्श सांगत सत्ता हाती घेणाऱ्याचा ऱ्हास त्यात होता, म्हणून प्रेक्षकांना ते आपल्याच काळाचे वाटले. चो रामस्वामी यांनी तमिळमध्ये याच सुलतानावर राजकीय प्रहसन लिहिले आणि 1970मध्ये ‘तुघलक’ नावाचे नियतकालिक काढले.

दौलताबादला नेलेल्यांना काही वर्षांतच दिल्लीला परतण्याची मुभा मिळाली, तरी अनेक जण दख्खनेतच राहिले. 1347मध्ये दौलताबादेतच बंडखोर अमिरांनी बहामनी सत्ता उभी केली. दिल्लीहून आलेल्यांची बोली मराठी, कन्नड, तेलुगूच्या शेजारात वाढून दखनी झाली. त्याच लोंढ्यातून आलेले सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा दौलताबादजवळ खुलदाबादला आहे.