बोटभर माशांचा इतिहास

दीड फूट लांब आणि दहा-दहा इंच रुंद व उंच अशी काचेची पेटी अलीकडे आपल्या भागातील पुष्कळ घरांत दिसू लागली आहे. तळाला वाळू, तीत दोन-चार पाणवनस्पती, वर एक दिवा. हिशेब केला तर अशा पेटीत सुमारे २९ लिटर पाणी मावते. वाळू-दगड वजा जाता चोवीस-पंचवीस लिटरच उरते. वनस्पती रुजल्या की मुले विचारतात, आता हिच्यात मासे कोणते सोडायचे? दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. परंतु हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे आणि त्याच्या उत्तरात आपल्या नद्यांचा, इतकेच नव्हे तर आपल्या भाषेचाही थोडासा वाटा आहे.

पेटीत वनस्पती आणि मासा एकत्र नांदू शकतात, हे पद्धतशीर प्रयोगाने दाखविले ते लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ साली त्याने बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. रोपांची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजके खाल्ले, वनस्पतींनी प्राणवायू दिला, पाणी निवळले. १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. तत्त्व खरे होते, माशाची निवड मात्र तेवढी खरी नव्हती. सोनमासा वीतभर वाढतो, वाळू उकरतो, कोवळी पाने खातो. तरीही दुकानात लहान पेटीबरोबर आजही तोच पुढे केला जातो. पेटीच्या मानाने मासा लहान हवा, हे लोकांच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

लहान माशांची जंत्री त्याआधीच तयार झाली होती आणि ती झाली होती हिंदुस्थानात. फ्रान्सिस ब्यूकॅनन हा कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर. टिपू पडल्यानंतर १८००-०१ मध्ये म्हैसूरपासून मलबार व कानड्यापर्यंत प्रवास करून त्याने मुलखाची पाहणी केली; अंकोला, सदाशिवगड हा आपल्या शेजारचा टापू त्याने तेव्हा पाहिला. पुढे बंगालच्या पाहणीचे काम त्याच्याकडे आले. गावोगाव फिरताना तो कोळ्यांकडून मासे मिळवून त्यांची नोंद करीत असे. परत गेल्यावर आईकडच्या वारशाने त्याने हॅमिल्टन हे आडनाव घेतले आणि १८२२ मध्ये एडिंबरो येथे गंगेच्या माशांवरील त्याचा ग्रंथ निघाला.

या ग्रंथाची मला विशेष वाटणारी गोष्ट अशी की, हॅमिल्टनने माशांना राजेरजवाड्यांची नावे दिली नाहीत. कोळ्यांच्या तोंडची नावे त्याने तशीच लॅटिन साच्यात बसविली. ‘डॅनिओ’ हे नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून, म्हणजे भातखाचरातला मासा. रेरिओ, टिक्टो, डारिओ, लालिअस, चुना ही सारी नावे आज टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या दुकानांत आणि शास्त्रीय नियतकालिकांत चालतात. यांतला रेरिओ म्हणजे निळ्या पट्ट्यांचा झेब्रामासा. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर संशोधन केले, १८८१ नव्हे तर १९८१ मध्ये त्यांचा गाजलेला निबंध निघाला आणि भातखाचरातला हा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला. आमच्या पेटीच्या दृष्टीने मात्र त्याचा एक दोष आहे. तो फार पळतो. दीड फुटात त्याची धाव दोन क्षणांत संपते. त्याला तीन फूट लांबी द्यावी.

चुनाची हकीगत गमतीची आहे. हॅमिल्टनने ‘चुना’ आणि ‘सोटा’ असे दोन वेगळे मासे वर्णिले. पुढे अभ्यासकांना आढळले की, जात एकच आहे. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर मधासारखा रंग चढतो आणि गळ्याखाली काळा पट्टा येतो. मादी फिकट, साधी. दोघांचे रूप इतके भिन्न की एकाच जातीची दोन नावे झाली. हा मासा दीड-दोन इंचांपलीकडे सहसा जात नाही, स्वभावाने भित्रा आणि संथ असतो. त्याला पृष्ठभागावरची हवाही घेता येते, आणि तरंगत्या पानांखाली नर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. चोवीस लिटरच्या हिरव्या पेटीसाठी याहून शहाणी निवड मला तरी सुचत नाही. दुकानात त्याच्या शेजारी निळा-तांबडा लालिअस ठेवलेला असतो आणि मुलांचा हात तिकडेच जातो. पण तो मोठा होतो आणि व्यापारासाठी वाढविलेल्या या माशांत एक विषाणूजन्य रोग बराच पसरलेला आहे.

गंगेकडून दख्खनकडे यायचे तर कर्नल विल्यम साइक्स यांना भेटावे लागते. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून काही वर्षे ते दख्खनमध्ये हिंडले. भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांतील माशांवरचा त्यांचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे वाचला गेला. त्यांनीही हॅमिल्टनचाच मार्ग धरला, मात्र येथे नावे मराठी. शिंगटी, ताकरी, मळ्या, कोळस, इचका ही नावे इंग्रजी कानाला जशी ऐकू आली तशी त्यांनी लिहिली आणि ती लॅटिन नावांचा भाग होऊन बसली. मराठीत शास्त्र शिकविता येईल का, यावर आपल्याकडे आजही वाद होतात. भोयांच्या मराठीला तिकडे लॅटिनमध्ये जागा मिळून दोनशे वर्षे होत आली. एकदा नववीच्या वर्गात फळ्यावर ही नावे लिहिली, तेव्हा शिंगटी सोडून एकही नाव मुलांना ठाऊक नव्हते. कन्नड घरांतून आलेल्या मुलांचीही तीच गत.

साइक्सचे मासे बहुतेक खाण्याचे, म्हणून पेटीला मोठे. पण नावात उपदेश असतो, याचे उदाहरण याच परंपरेत आहे. चं. वि. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातील एका माशाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘खवलचोर’. दुसऱ्या माशांची खवले ओरबाडून खाणे हा त्याचा धंदा. असा पाहुणा पेटीत कोणी आणणार नाही.

मध्यंतरी एक परदेशी पाहुणा मात्र सरकारी वाटेने आला. हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी गप्पी आणि १९२८ मध्ये गॅम्बुशिया आपल्या देशात आणले गेले. गप्पी आपण सर्वांनी पालिकेच्या टाक्यांत पाहिले आहेत. हे मासे अंडी न घालता पिलेच देतात, आणि तीही साधारण महिन्याला. पेटीत जोडी सोडावी तर वर्षअखेर पाणी कमी आणि मासे जास्त असा प्रकार होतो. मग लोक काय करतात? जवळच्या ओढ्यात नेऊन सोडतात. गॅम्बुशिया तर स्थानिक माशांची अंडी आणि पिले खातो, हे जगभर सिद्ध झाले आहे. गप्पी ठेवायचेच असतील तर नुसते नर ठेवावेत. रंग त्यांच्याच अंगावर असतो.

लहान माशांना खरा भाव आला तो जपानच्या ताकाशी आमानो यांच्यामुळे. सायकल शर्यतपटू, मग छायाचित्रकार असलेल्या या गृहस्थाने पाणवनस्पतींची अशी रचना केली की, पेटीत डोंगर आणि कुरण दिसावे. १९९२ पासून त्यांची पुस्तके जगभर गेली. डोंगर खरा वाटायचा तर त्याच्यावरून जाणारा मासा पक्ष्याएवढा दिसला पाहिजे, म्हणजे तो बोटाच्या पेराएवढाच हवा. मागणी अशी निर्माण झाली आणि व्यापारी आसाम, ब्रह्मदेश, सह्याद्रीच्या ओढ्यांकडे वळले.

पुढे काय झाले ते ‘गॅलक्सी’ माशावरून कळते. २००६ मध्ये ब्रह्मदेशाच्या शान प्रांतात, गवताळ उथळ पाण्यात, जेमतेम पाऊण इंचाचा, निळ्या अंगावर मोत्यांचे ठिपके असलेला मासा सापडला. शास्त्रीय नाव मिळायच्या आधीच तो युरोपात विकला जाऊ लागला. काही महिन्यांत एवढा उपसा झाला की, तो संपेल अशी भीती निर्माण झाली आणि २००७ मध्ये तेथील सरकारला निर्यात रोखावी लागली. सुदैवाने तो आणखी ठिकाणी आढळला आणि पेटीतही सहज विणतो असे दिसले. आज दुकानात मिळणारा गॅलक्सी बहुधा पैदास केलेला असतो.

सह्याद्रीतल्या माशांचे नशीब सर्वांचे एवढे चांगले नाही. केरळातील तांबड्या रेघेचा डेनिसन मासा १८६५ मध्ये फ्रान्सिस डे यांनी वर्णिला. परदेशी मागणीमुळे तो संकटग्रस्त झाला. शिवाय तो वीतभर वाढतो, म्हणजे लहान पेटीत ठेवणे दुहेरी अन्याय. त्रावणकोरचा वाटाण्याएवढा फुगा मासा इंचभरच असतो, पण शेजाऱ्यांचे पर कुरतडतो; आणि त्याचीही गणना असुरक्षित जातींत होते. गोव्यातल्या ओढ्यांतला सेटनाई हा देखणा मासा छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये जगापुढे आणला. तोही आज असुरक्षितच आहे.

आणि आपली हिरण्यकेशी. आंबोलीला उगम पावून आजरा, गडहिंग्लज करीत ती संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. राज्याची सीमा तिने कधीच जुमानली नाही. या नदीतल्या एका लहानशा माशाला २०१४ मध्ये शास्त्रात जागा मिळाली. शेपटीचा बुंधा लांब म्हणून त्याचे नाव ‘लाँगिकॉडा’ ठेवले गेले. २०२० मध्ये आंबोलीच्या महादेव मंदिराजवळच्या पाण्यात एक नवी जात सापडली आणि तिला नदीचेच नाव मिळाले, ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढच्याच वर्षी ती जागा महाराष्ट्र शासनाने जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. दोनशे वर्षे साहेबांनी आणि आपल्या माणसांनी माशांची जंत्री केली, तरी आपल्या उंबऱ्यावरचा मासा २०२० पर्यंत निनावी राहिला होता. तो मुलांना दाखवायचा तर आंबोलीला नेऊन, काठावर उकिडवे बसवून दाखवावा. जाळी घरी ठेवावी.

मुलांच्या पेटीसाठी मी हे सुचवीन: चुनाची एक जोडी, आणि पैदास केलेल्या गॅलक्सीचा सात-आठांचा थवा, कारण तो एकटा-दुकटा असला की पानांआड दडून बसतो. दुकानदाराला ‘पैदाशीचे की ओढ्यातले’ हे स्पष्ट विचारावे. तळाला ब्राह्मी लावावी. आपल्या परसातली औषधी ब्राह्मी पाण्याखालीही छान वाढते. बेळगावच्या थंडीत गॅलक्सीला काही होत नाही, चुनाला मात्र पाणी बावीस अंशांखाली जाऊ नये म्हणून छोटा हीटर लागतो. गणपतीत वनस्पती लावल्या तर पहिले मासे दसऱ्याला आणावेत, तेही चार-पाचच, आणि उरलेले दिवाळीला.