कौन्सिलची लेकरे

इंग्लंडमध्ये निराधार मुलाची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर कशी आली, हा इतिहास १८३४ च्या गरीब कायद्यापासून वाचावा लागतो. त्या कायद्यामागे एक सूत्र होते. वर्कहाउसचा आसरा घेणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत हलाखीतल्या मजुरापेक्षा बरी असता कामा नये. म्हणजे अन्न द्यायचे, पण ते खाताना लाज वाटेल अशा रीतीने द्यायचे. ज्यांच्या आजा-पणजांनी वरून टाकलेली शिळी भाकर पदरात झेलली, त्यांना हे सूत्र समजावून सांगण्याची गरज नाही. मूल या सूत्राला अपवाद नव्हते. आईबापांचे दारिद्र्य हा गुन्हा होता आणि मूल त्या गुन्ह्याचे वारस होते.

पुढे मुलांना वर्कहाउसमधून काढून वेगळ्या शाळांत, मग वसाहतीसारख्या बालगृहांत ठेवू लागले. काहींना आठवड्याला ठरावीक रक्कम देऊन खेड्यातल्या कुटुंबांकडे सांभाळायला देण्याची पद्धतही एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली. १९३० मध्ये गरीब कायद्याची जुनी मंडळे बरखास्त होऊन हा सगळा कारभार कौन्सिलांकडे आला. पाटी बदलली, इमारती त्याच राहिल्या.

या कारभाराचे खरे रूप एका मुलाच्या मृत्यूने चव्हाट्यावर आले. डेनिस ओ'नील हा बारा वर्षांचा मुलगा वेल्समधील न्यूपोर्ट कौन्सिलच्या ताब्यात होता. कौन्सिलने त्याला श्रॉपशायरमधील एका शेतकऱ्याच्या घरी ठेवले होते. घर एका कौन्सिलच्या हद्दीत, मूल दुसऱ्या कौन्सिलचे. देखरेख कोणी करायची याचा घोळ कागदावर चालू राहिला आणि तिकडे मूल उपाशी राहिले, मार खात राहिले. ९ जानेवारी १९४५ रोजी ते मेले. शेतकऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या चौकशीत दोन्ही कौन्सिलांमधला गोंधळ उघड झाला. डेनिसच्या मृत्यूच्या काही महिने आधी, जुलै १९४४ मध्ये, लेडी ॲलन यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून या मुलांच्या हलाखीकडे लक्ष वेधले होते, हे विसरता येत नाही.

मायरा कर्टिस यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. कुटुंबापासून तुटलेल्या सुमारे सव्वा लाख मुलांचा विचार तिच्यापुढे होता. त्यातून १९४८ चा बालक कायदा आला. प्रत्येक मोठ्या कौन्सिलला मुलांसाठी स्वतंत्र समिती आणि स्वतंत्र अधिकारी नेमावा लागला. मुलाचे हित पाहणे आणि त्याच्या अंगच्या गुणांना वाव देणे हे कौन्सिलचे कर्तव्य ठरले. शक्यतो मुलाला प्रतिपालक कुटुंबात ठेवावे, ते जमत नसेल तर बालगृहात, असा क्रमही ठरला. १८३४ च्या सूत्राला दिलेला हा जबाब होता, आणि त्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

या कायद्यावर ३० जून १९४८ रोजी शिक्कामोर्तब झाले. त्याच्या आठच दिवस आधी, २२ जूनला, 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसे घेऊन टिलबरी बंदराला लागले होते. या माणसांना आणि त्यांच्या मागून आलेल्यांना कामे मिळाली, पण घरे मिळेनात. 'काळ्यांना जागा नाही' हे त्यांना दारोदार ऐकावे लागले. आजी-मावशी सातासमुद्रापलीकडे राहिलेल्या. आई आजारी पडली किंवा तिची पाळी रात्रीची आली, तर मूल कोणाच्या मांडीवर ठेवायचे? अशी मुले कौन्सिलकडे येऊ लागली. कार्यालयाच्या भाषेत ती 'घर मिळण्यास कठीण' मुले होती. गोरी कुटुंबे त्यांना घेईनात आणि काळ्या कुटुंबांना कोणी विचारीना. मग उरले बालगृह. तिथे त्यांच्या केसांना कोणता कंगवा लागतो, त्वचेला कोणते तेल लागते, हेसुद्धा पुष्कळदा कोणाला ठाऊक नसे.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला झुंजणारा काळा माणूस होता. लंडनच्या बालगृहातले हे काळे मूल मात्र त्या काळच्या आपल्या लिखाणात माझ्या वाचनात आले नाही.

काळ्या लोकांनी स्वतः हा प्रश्न हाती घेतला. १९७५-७६ मध्ये लंडनमध्ये 'सोल किड्स' मोहीम झाली. १९८० मध्ये लॅम्बेथ भागात काळी प्रतिपालक कुटुंबे शोधण्यासाठी खास केंद्र निघाले, आणि मनापासून शोधल्यावर कुटुंबे सापडली! १९८३ मध्ये काळ्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेने संसदेच्या समितीपुढे बाजू मांडली की, गोऱ्या घरात वाढणाऱ्या काळ्या मुलाला वंशद्वेषाशी सामना करण्याचे बळ कोण देणार? यावर वाद झाला. जुळते घर मिळेपर्यंत मूल बालगृहात ताटकळत ठेवायचे काय, हा विरोधकांचा प्रश्नही पोकळ नव्हता. १९८९ च्या कायद्याने अखेर मुलाचा धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा विचारात घेणे कौन्सिलांना बंधनकारक केले.

पण याच लॅम्बेथ कौन्सिलच्या ताब्यात शर्ली ओक्स हे बालगृह होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गरीब कायद्याच्या मंडळाने ते क्रॉयडनजवळ बांधले, पुढे ते लंडन काउंटी कौन्सिलकडे आणि १९६५ पासून लॅम्बेथकडे आले. १९८० मध्ये तिथली ५७ टक्के मुले काळी होती. १९८३ मध्ये ते बंद झाले. आत काय घडत होते ते जगासमोर यायला पुढची कित्येक वर्षे गेली. २०१४ मध्ये तिथे वाढलेल्यांनी आपली संघटना उभारली. राष्ट्रीय चौकशीचा लॅम्बेथविषयीचा अहवाल जुलै २०२१ मध्ये आला. शर्ली ओक्ससह तीन संस्थांतल्या ७०५ माजी मुलांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी केल्या होत्या. यासाठी शिस्तभंगाची कारवाई झालेला वरिष्ठ अधिकारी एकच. काळ्या मुलांना मिळालेल्या वागणुकीत वंशद्वेष होता, हेही चौकशीने नोंदवले.

२०१८ मध्ये लॅम्बेथने भरपाईची योजना उघडली होती, ती आता बंद झाली आहे. तिच्यात अत्याचार सोसलेल्यांसाठी भरपाई होतीच. त्याखेरीज दहा हजार पौंडांपर्यंतची आणखी एक रक्कम होती. प्रत्यक्ष हात पडला नसला तरी तो पडेल या भीतीत ज्यांनी तिथे दिवस काढले, त्यांच्यासाठी ती होती.