मात्रा चुकलेला वायू

नायट्रस ऑक्साइडचे नाव निघताच आजच्या तरुण वाचकाला 2001 सालचा ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’ हा चित्रपट आठवतो. बटण दाबताच मोटार बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हाच वायू निराळ्या वाटेने भेटलेला असतो. 1799 साली ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये तरुण हम्फ्री डेव्हीने तो स्वतः हुंगला, आणि त्याने तो ज्यांना हुंगविला त्यांत कोलरिज व साउदी हे कवीही होते. ह्या दोन भेटींमध्ये दोनशे वर्षांचे अंतर आहे. त्या काळात ह्या वायूचे जे जे झाले, ते सारे मात्रेच्या प्रश्नाशी येऊन थांबते असे आम्हांला वाटते.

जोसेफ प्रीस्टलीने हा वायू 1772 साली प्रथम तयार केला. शस्त्रक्रियेतील वेदना शमविण्यास तो उपयोगी पडू शकेल, अशी सूचना डेव्हीने 1800 सालच्या आपल्या ग्रंथात केली. पण पुढची चार दशके ती कोणी मनावर घेतली नाही. डिसेंबर 1844 मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डच्या होरेस वेल्स ह्या दंतवैद्याने वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली, आणि लगोलग जानेवारी 1845 मध्ये तो बोस्टनला जाहीर प्रयोग करावयास गेला. तेथे वायूची पिशवी वेळेआधीच दूर झाली, रोगी ओरडला आणि सभेने वेल्सला भोंदू ठरविले. 1848 साली त्याने आत्महत्या केली. वेल्सचा सिद्धान्त खरा होता, वायूही तोच होता. चुकली ती मात्रा.

इंजिनाच्या बाबतीतही प्रश्न हाच आहे. अधिक पेट्रोल ओतल्याने इंजिन बलवान होत नाही, कारण ते जाळावयास लागणारा प्राणवायू सिलिंडरमध्ये मावेल तेवढाच येतो. इंजिनाची खरी मर्यादा श्वासाची आहे. हवेत वजनाने सुमारे 23 टक्के प्राणवायू असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये सुमारे 36 टक्के. सुमारे 300 अंश सेल्सिअसला ह्या वायूचे रेणू फुटू लागतात आणि तो प्राणवायू मोकळा होतो. शिवाय टाकीतील द्रवरूप नायट्रस बाहेर पडताच वायुरूप होताना आत येणारी हवा गार करतो, म्हणून ती अधिक दाट होते. नायट्रस हे जहाल इंधन आहे, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. तो स्वतः जळत नाही. दुसऱ्याला जळू देतो.

हे मर्म प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते युद्धात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वायुदलाने ‘जीएम-1’ ही यंत्रणा विमानांत बसविली. फार उंचावर हवा विरळ होते, इंजिन गुदमरते. तेथे नायट्रसचा फवारा त्याला श्वास पुरवी. खालच्या दाट हवेत मात्र तीच टाकी निव्वळ ओझे होई. उपाय तोच, पण स्थळ चुकले की निरुपयोगी.

युद्धानंतर हे ज्ञान शर्यतीच्या मैदानात उतरले. 1976 साली डेटोना 500 च्या पात्रता फेरीत नायट्रसच्या कारणावरून काही वेळा रद्द कराव्या लागल्या. 1978 साली कॅलिफोर्नियात नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स ही कंपनी निघाली आणि गुपित विकत मिळू लागले. टाकी कोणालाही घेता येऊ लागली. ती पेलण्याजोगे इंजिन करणे हे मात्र ट्यूनिंग करणाऱ्याचेच काम राहिले.

त्या कामाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. प्राणवायू वाढला की त्या प्रमाणात पेट्रोल वाढवावे लागते. ते कमी पडले तर ज्वलनाचे तापमान भलतेच चढते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन क्षणात वितळतो. मिश्रण आता लवकर जळते, म्हणून ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. नाहीतर वर चढणाऱ्या पिस्टनवरच दाब येऊन ठोके बसू लागतात. उष्णता लवकर सोडणारे स्पार्क प्लग आणि अधिक ऑक्टेनचे पेट्रोल लागते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि इंजिनाने पुरेसे फेरे घेतल्यावरच वायू सोडायचा, हा तर पहिला नियम. मंद फेऱ्यांवर सोडलेला नायट्रस इंजिन फोडू शकतो. चित्रपटातल्या त्या एका बटणामागे संयमाची एवढी लांब यादी उभी असते.

मराठीत मात्रा हा शब्द वैद्याच्या घरी आहे आणि छंदशास्त्रातही आहे. वैद्य ती उगाळून देतो, कवी ती मोजतो. दोघांनाही ठाऊक असते की एक जास्त झाली तरी सारे बिघडते. वेल्सचा रोगी आणि वितळलेला पिस्टन ही आम्हांला ह्याच एका चुकीची दोन रूपे वाटतात. मर्यादा ओलांडून देणारे साधन हाती आले की ती मर्यादा आजवर कशाचे रक्षण करीत होती, हे आधी विचारावे लागते. ज्याने ते विचारले, त्यालाच हा वायू लागू पडला.