मेकॅनिकल सील

पंपाचा फिरता शाफ्ट कवचातून जिथे बाहेर येतो, तिथली द्रवाची गळती रोखणारी जुळणी. गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे अदानी पॉवरचे ३,३०० मेगावॉटचे (६६० मेगावॉटचे ५ संच) सुपरक्रिटिकल औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रांतील पंपांमध्ये तापलेल्या आणि राखमिश्रित पाण्यामुळे सीलच्या अभिकल्पाची खरी कसोटी लागते.

रचना : शाफ्टबरोबर फिरणारी एक व कवचात स्थिर असलेली दुसरी, अशा दोन कड्यांची गुळगुळीत पृष्ठे स्प्रिंग आणि द्रवाचा दाब यांमुळे एकमेकांवर टेकतात. एक कडी बहुधा कार्बन-ग्रॅफाइटची, दुसरी सिलिकॉन कार्बाइड किंवा टंगस्टन कार्बाइडची असते. उरलेल्या फटी ओ-रिंग बंद करतात. पृष्ठांमध्ये सुमारे एक मायक्रॉन जाडीचा द्रवाचा थर राहतो व तोच वंगणाचे काम करतो. म्हणून अत्यल्प गळती अभिकल्पातच गृहीत असते. थर फार जाड झाला तर गळती वाढते. नाहीसा झाला तर पृष्ठे तापून घासतात.

संतुलन : कड्या एकमेकींवर दाबणारा द्रवदाब ज्या क्षेत्रफळावर पडतो, त्याचे पृष्ठाच्या क्षेत्रफळाशी असलेले गुणोत्तर संतुलित सीलमध्ये १ पेक्षा कमी, साधारण ०.७ ते ०.८५ ठेवतात. त्यामुळे जास्त दाबातही थर टिकतो.

उष्ण पाणी : बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपातले पाणी तापलेले असते. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर पाण्याची वंगणक्षमता घटते आणि पृष्ठांमधला थर वाफ होऊन फुटू शकतो. यावर ‘एपीआय ६८२’ या मानकातील प्लॅन २३ ही योजना वापरतात. सीलकक्षातील थोडे पाणीच पंपिंग रिंगच्या साहाय्याने कूलरमधून फिरत राहते. पंपातला मुख्य प्रवाह गार करावा लागत नाही, त्यामुळे उष्णता वाया जात नाही.

राखमिश्रित पाणी : राखेचे कण पृष्ठे खरवडतात. म्हणून अशा सीलमध्ये दोन्ही कड्या कठीण पदार्थाच्या घेतात व बाहेरून जास्त दाबाचे स्वच्छ पाणी सोडतात.

बिघाड : पंप कोरडा चालवणे, शाफ्टची चुकीची जुळणी, बेअरिंगची थरथर आणि कॅव्हिटेशन (द्रवात वाफेचे बुडबुडे बनून फुटणे) ही नेहमीची कारणे होत. निकामी सील टाकून देण्याआधी त्याची पृष्ठे बारकाईने तपासावीत. तडे अतिउष्णता दाखवतात, तर खोल ओरखडे कणांचा शिरकाव. मूळ कारण दूर केल्याशिवाय बसवलेला नवा सीलही त्याच रीतीने निकामी होतो.