कारखाना ते विक्रेता : नव्या मोटारीचा प्रवास

पालघरहून मनोरमार्गे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागले, की साणंद, हंसलपूर येथील कारखान्यांतून निघालेल्या मोटारी वाहणारे लांबलचक दुमजली ट्रेलर दिसू लागतात. कोळगाव-बोईसरच्या ग्राहकाची कोरी मोटारही अनेकदा अशीच, शेकडो किलोमीटर दुसऱ्याच्या पाठीवरून आलेली असते.

या प्रवासात मोठा धोका असतो तो चढउताराच्या वेळी. उतरत्या फळीवर बंपरचा तळ घासतो. दाटीत दार उघडताना त्याची कड आपटते. पट्टा बांधावा तो चाकावरून. सांगाड्याला आवळल्यास स्प्रिंगांवर सतत ताण राहतो. चाकांना ठोकळे, हातब्रेक आणि गिअर हे ओघाने आलेच. रेल्वेच्या बंदिस्त डब्यांत उडत्या खड्यांचे भय कमी. हंसलपूरच्या कारखान्यात २०२४ मध्ये रेल्वेचा फाटा सुरू झाला. तरी विक्रेत्याच्या दारापर्यंतचा टप्पा रस्त्यानेच.

मोटार उतरवून घेताना विक्रेत्याने पोचपावतीवर ओरखडा नोंदवला नाही, तर भरपाईचा दावा दुबळा होतो. मग रंगाचा हात फिरवून मोटार खपविण्याचा मोह! म्हणून ग्राहकाने नोंदणीपूर्वीच, दिवसाउजेडी, छप्पर, दारांच्या कडा आणि बंपरची खालची बाजू पाहून घ्यावी. एकदा नावावर नोंदलेली मोटार परत करणे अवघड जाते.